शिट्टीनंतरचा मासा

ॲशकोट
रविवार, १९ जुलै १९५९

प्रिय क्लेम,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच चुलीत टाकायचं मनात आलं असेल, तर जरा दम धर. आधी वाच, मग खुशाल टाक.

तुझ्या हेझलचं न्यूझीलंडहून तिच्या मर्टल मामीला पत्र आलं. त्यात मधेच एका ओळीत लिहिलंय की ऑक्टोबरच्या बोटीने बाबा इकडे येताहेत, कायमचे. मर्टलने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत बसली. माझ्या सख्ख्या बहिणीचा, ऑलिव्हचा नवरा, त्याच्याही आधी शाळेपासूनचा दोस्त, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला निघालाय आणि मला ते असं उडतउडत कळतंय. तुला दोष देत नाही. अकरा वर्षांत आपण एकदाच बोललो, ऑलिव्हला माती दिली त्या दिवशी, आणि तेही पावसाबद्दल.

माझी बाजू एकदा मांडतो, कारण तेव्हा तू मला तोंड उघडू दिलं नव्हतंस. मासेमारी क्लबची स्पर्धा, ४८ सालचा ऑगस्ट. पंच मी, सातला स्पर्धा संपल्याची शिट्टी माझ्याकडे. मी घड्याळ बघून बरोबर सातला शिट्टी फुंकली आणि काठाकाठाने वर चालत आलो. तुझ्या वळणावर पोचलो तेव्हा तू काठीला झटका दिलास आणि मासा लागला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. चब होता आणि साडेचार पौंडांच्या आत नक्कीच नव्हता. आपल्या नदीत असा दहा वर्षांत एक. मी म्हटलं, शिट्टीनंतरचा मासा हिशेबात धरता येणार नाही. तू म्हणालास, सात वाजलेच नाहीत, अजून गाडी पुलावरून गेलेली नाही. तेवढ्यात गाडी गेली. मी म्हटलं, गाडीला उशीर झालाय. त्यावर तू जे बोललास ते लिहीत नाही, मर्टल पत्र वाचते. चषक गेला औषधवाल्या बेडोजकडे, तेरा बारक्या डेस माशांवर. तू क्लबचं कार्ड माझ्या पायाशी फेकलंस आणि वसंत यायच्या आत बेकरी विकून वूस्टरला गेलास.

नियम तो नियम. पण अकरा वर्षं पुष्कळ झाली.

यंदा पाऊस नाही. इव्हनलोड इतकी आटलीय की पुलाखाली गाई गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातात. पाणी तर असं निवळलंय की तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा. तुझ्या वळणावरच्या अल्डरच्या झाडाखाली तेवढं खोल राहिलंय. तिथे पाच चब आहेत. एक फार मोठा आहे.

बोट सुटायच्या आत एक संध्याकाळ ये. मला तुला काही सांगायचंही आहे, ते समोरासमोरच.

तुझा
हॉरेस


वूस्टर
२६ जुलै

श्री. ग्विलियम यांस,

आपलं पत्र मिळालं.

मी सामानाच्या आवराआवरीत आहे. घर ऑगस्टअखेर रिकामं करून द्यायचं आहे, पुढे बोटीपर्यंत बहिणीकडे राहीन. माझ्या गळाच्या काठ्या मी इथल्या एका ओळखीच्या माणसाला देऊ केल्या आहेत. हेझल लिहिते की तिकडच्या नद्यांत फक्त ट्राउट असतात, लोक ते पिसांच्या खोट्या माशीवर धरतात आणि घरी नेऊन तळून खातात. त्यामुळे माझ्या काठ्यांचा तिथे उपयोग नाही.

तुमच्या आमंत्रणाबद्दल आभारी आहे. जमेलसं वाटत नाही.

मर्टल यांना नमस्कार कळवावा.

सी. ट्रँटर

ता. क. त्या अल्डरची पाण्यावर वाकलेली फांदी अजून आहे का? तिच्याखालून ब्रेडचा तुकडा वाहवत नेता येतो का?


ॲशकोट
२ ऑगस्ट

प्रिय क्लेम,

'श्री. ग्विलियम'! 'आपलं पत्र'! अरे, शाळेत माझ्या खांद्यावर उभा राहून पाद्र्याच्या बागेतले प्लम तू चोरायचास आणि छड्या मी खायचो. तेव्हा नाही बरं अहो-जाहो सुचलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. तू मला काय हवं ते म्हण, मी आपला तुला क्लेमच म्हणणार.

फांदी आहे. ब्रेड वाहवता येतो. पण माझ्याच्याने नाही.

काल संध्याकाळी जाऊन आलो, ते सांगतो. सहाला निघालो. ऊन मावळतीला कलेपर्यंत या पाण्यात काही हालचाल नसते; दिवसा मासे दगडासारखे पडून राहतात. मी अल्डरच्या पंधरा पावलं खाली बसलो आणि आधी नुसतं बघत राहिलो. पाचही चब फांदीच्या सावलीत, तोंडं प्रवाहाकडे. मोठा सगळ्यात मागे. झाडावरून एखादी अळी पडली की पुढचे चौघे झेपावतात, आणि हा म्हातारा शेपटी हलवायचेही कष्ट घेत नाही. त्यांच्या हातून सुटलेलं तेवढं तोंड उघडून आत घेतो.

मी ब्रेडचा तुकडा ओला करून सोडला. चांगला चाललाही होता. फांदीखाली शिरला, म्हाताऱ्याने नाक वर केलं, आणि मला राहवेना म्हणून मी मान उंच करून बघायला गेलो. एवढंच. माझ्या टोपीची सावली पाण्यावर पडली असणार. पाचही जण गडबड न करता, शांतपणे, चर्चमधून बाहेर पडावं तसे वर निघून गेले. त्यानंतर दोन तास बसलो, अंधूक झालं, एक पाणकोंबडी तेवढी भेटली. रिकाम्या हाताने घरी आलो तर मर्टल म्हणाली, रोज मासे सोडूनच देता, आज धरलेही नाहीत म्हणजे तेवढा त्रास वाचला.

पत्रात मुद्दाम लिहितो. मला हे जमत नाही, क्लेम, कधीच जमलं नव्हतं. ब्रेडवर वरच्या पाण्यात चब धरायची कला ॲशकोटात एकालाच होती आणि ती तो वूस्टरला घेऊन गेला. तो मासा तुझ्या हातचा आहे. काठ्या देऊन टाकल्या असशील तर माझी घे.

आणि मला जे सांगायचंय ते सांगायचंच आहे.

हॉरेस


वूस्टर
९ ऑगस्ट

हॉरेस यांस,

काठ्या दिल्या नव्हत्या. माणूस घ्यायला आला तेव्हा मी घरात नाही असं शेजारणीकडून सांगितलं.

शनिवारी २२ तारखेला तीन दहाच्या गाडीने येईन. परतीची नऊ वीसची आहे. राहणार नाही.

एक अट आहे. ४८ सालच्या माशाबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही. तुम्हाला जे सांगायचं आहे ते त्याबद्दलच असेल, तर ते तुमच्याजवळच ठेवा. ते ऐकायला मी येत नाही. हे मान्य नसेल तर कळवा, मी तिकीट काढणार नाही.

ब्रेड मी आणतो. तुमच्याकडचा दुकानचा ब्रेड पाण्यात विरघळतो.

सी. टी.


ॲशकोट
१२ ऑगस्ट

क्लेम,

अट मान्य. शिळ्या कढीला ऊत आणणार नाही.

मर्टल पोर्कचं सारण भरून पाय भाजतेय. पांढरा शर्ट घालून येऊ नकोस, पाण्याची काच झालीय.

हॉरेस


ॲशकोट
सोमवार, २४ ऑगस्ट

प्रिय क्लेम,

तू होतासच, मग परवाची संध्याकाळ तुलाच परत कशाला सांगतोय, असं म्हणशील. पण तू मासा बघत होतास आणि मी तुला बघत होतो, तेव्हा आपल्या दोघांच्या संध्याकाळी एक नाहीत.

स्टेशनवर तू उतरलास तेव्हा तुला आधी ओळखलंच नाही. केस पिकलेत ते ठीक, पण चालतोस सावकाश. हात मात्र तेच, बेकरीतले, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. आपण हस्तांदोलन केलं आणि नदीपर्यंत बार्लीच्या कापणीबद्दल बोललो. दोघांनाही बार्लीतलं काही कळत नाही.

वळणावर आल्यावर तू थांबलास. पाणी बघितलंस आणि टोपी काढलीस. 'बापरे, हॉरेस, सगळंच दिसतंय,' एवढंच म्हणालास. मला बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तू मला नुसतं हॉरेस म्हणालास.

मग तू मला पन्नास पावलं मागे बसवलंस, लहान पोराला बसवावं तसं. स्वतः पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे सावली मागे पडेल असा, गुडघ्यांवर सरकत गेलास. सहासष्टाव्या वर्षी! मधे एकदा अर्धा तास हललाच नाहीस. मला वाटलं झोपलास की काय. नंतर कळलं, तू नुसता ब्रेड खिलवत होतास, गळ न लावता. एक तुकडा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. पुढचे चौघे खात होते आणि तू खाऊ देत होतास. मी असतो तर पहिल्याच तुकड्यात गळ खुपसला असता.

पावणेआठ झाले असतील. पाणी तांबूस झालं, वरती पाकोळ्या खाली उतरून माश्या टिपत होत्या, आणि पलीकडच्या गाई निघून गेल्या होत्या. आता चौघांची पोटं भरली आणि म्हातारा पुढे सरकला. मला इतक्या लांबूनही तो दिसला, खरंच सांगतो, हिरवट काळी पाठ आणि लाल पर. तू तुकडा सोडलास. तो फांदीखाली गेला. पांढरं तोंड उघडलं, मिटलं, आणि ब्रेड नाहीसा झाला. तू झटका दिला नाहीस. मी मनात एक, दोन मोजले, आणि मग तुझी काठी वाकली.

हातजाळं घेऊन मी धावलो ते तुला आठवत असेल, कारण घसरून मी अर्धा पाण्यात गेलो. तरी मासा जाळ्यात घेतला. काय जनावर होतं ते! गळ कुठे लागलाय ते मी सवयीने पाहिलं आणि मोठ्याने म्हणालो, 'ओठातच आहे, पंच म्हणून माझी हरकत नाही.' थट्टाच केली होती, क्लेम. पण तुझा चेहरा उतरला. तू गळ काढलास, वजनकाटा मी पिशवीतून काढतोय तोवर माशाला दोन्ही हातांत घेऊन पाण्यात धरलंस, त्याला श्वास येऊ दिलास आणि सोडून दिलंस. न तोलता! तो सावकाश आपल्या जागी गेला, आणि तू काठी आवरायला घेतलीस. स्टेशनपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. गाडीत बसताना मात्र माझा हात धरून ठेवलास, गाडी हलेपर्यंत.

अट मी मोडली, ते खरं. 'पंच' हा शब्द काढायला नको होता. तुझा राग अजून गेलेला नाही हे मला त्या क्षणी कळलं, आणि तू रागावायला हवंच होतंस. म्हणून जे तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही ते आता लिहितो. वाचून तू मला कायमचा तोडलास तरी चालेल. चालणार नाही, पण कर.

तू म्हणाला होतास सात वाजलेले नाहीत. वाजलेले नव्हतेच.

तुला ठाऊक आहे, मी तीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढली. गावातली निम्मी घड्याळं माझ्या घड्याळावरून लावली जायची. त्या शनिवारी माझी सुट्टी होती आणि आदल्या रात्री मी घड्याळाला चावी द्यायला विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी बघतो तर ते बंद. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून लावलं आणि नदीवर आलो. आता मर्टलच्या त्या घड्याळाची गोष्ट अशी की ते ती मुद्दाम सात मिनिटं पुढे ठेवते, नाहीतर रविवारी मी चॅपलला वेळेवर निघत नाही. कामावर मी काट्यावर काटा, घरात मात्र सुस्त. हे मला माहीत होतं, पण घाईत आठवलं नाही.

सोमवारी ड्यूटीवर गेलो आणि केबिनमधलं नोंदींचं पुस्तक उघडलं. शनिवार संध्याकाळ, वरची पॅसेंजर, पुलावरून सहा सत्तावन्नला. एका मिनिटाचाही उशीर नाही. तुझा मासा जाळ्यात आल्यावर ती गाडी गेली. म्हणजे मी शिट्टी फुंकली ती सहा त्रेपन्नला. तुझा मासा खरा होता. चषक तुझा होता.

त्याच संध्याकाळी तुझ्याकडे यायला हवं होतं. तुझ्या दाराशी येऊन परतही गेलो. मला वाटलं, सिग्नलवाला हॉरेस ग्विलियम वेळ चुकला, हे गावाला कळलं की माझी काय किंमत राहील? वरच्यांना कळलं तर? मग वाटलं, हा आठवड्याभरात निवळेल. मग तू गेलास. मग ऑलिव्ह गेली. आणि जुलैत मी तुला लिहिलं तेव्हाही 'नियम तो नियम' म्हणून मोकळा झालो. मला माझीच शिसारी येते.

माफी मागतो. उत्तर शिव्यांचं असलं तरी पाठव.

हॉरेस


ॲशकोट
२० सप्टेंबर

क्लेम,

चार आठवडे झाले. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

मी मर्टलला सगळं सांगितलं. ती घड्याळाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, तरीच तुम्ही अकरा वर्षं स्पर्धेची शिट्टी दुसऱ्याला देत आलात. मग ती रडली, माझ्यासाठी नाही, ऑलिव्हसाठी. मागच्या बुधवारी क्लबची सभा होती, तिथेही उभं राहून सांगितलं. दोघेतिघे म्हणाले, आता काय त्याचं. तुझं नाव चषकावर कोरायचं का, असा ठराव त्यांनी मांडलाय. तुझ्या होकारासाठी तो थांबवून ठेवलाय.

पाऊस अजून नाही. तो मासा आपल्या जागी आहे. मी गळ टाकत नाही, ब्रेड तेवढा टाकतो.

बोट पहिल्या आठवड्यात सुटते असं हेझल म्हणते. जायच्या आत एक ओळ टाक, बाबा. मला तोडायचं असेल तर तसं लिहून तोड.

हॉरेस


साउदॅम्प्टन
१ ऑक्टोबर

प्रिय हॉरेस,

हे लॉजच्या जेवणघरात बसून लिहितोय. उद्या दुपारी बोट सुटते. तुझी दोन्ही पत्रं खिशात आहेत. उत्तराला सहा वेळा बसलो आणि सहा वेळा कागद फाडले. आज फाडता येणार नाही, कारण हा शेवटचा आहे.

चषकावर माझं नाव कोरू नका. ठराव रद्द करायला सांग.

४८ सालचा तो चब तोंडात लागलेला नव्हता.

त्याने ब्रेड हुंगला आणि वळला, त्याच वेळी मी झटका दिला. गळ पाठीवरच्या पंखात, परात रुतला. तू वरच्या काठावर होतास, माझी पाठ तुझ्याकडे होती. जाळ्यात घेतल्यावर ते पाहिलं. परात, पाठीत, कल्ल्यात लागलेला मासा तोलायचा नाही, तो तसाच सोडायचा, हा नियम तुझ्याआधी मला माझ्या बापाने शिकवला होता. मी वळून तुला सांगणारच होतो. देवाशपथ सांगणार होतो, हॉरेस. तोंड उघडलं आणि तेवढ्यात तू वरून म्हणालास, शिट्टीनंतरचा आहे, धरता येणार नाही. मला माहीत होतं की सात वाजलेले नाहीत. मी चिडलो. तू चुकतोयस ह्याचाच इतका राग आला की मी चुकतोय हे बाजूला पडलं. बोलत गेलो, आवाज चढत गेला, लोक जमले, आणि मग इतकं बोलून झाल्यावर 'तसा तो परात लागला होता म्हणा' असं कुठल्या तोंडाने सांगणार? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मी वूस्टरला गेलो ते तुझ्यावर रागावून गेलो असं गावाला वाटलं. तुलाही वाटलं. मी ते वाटू दिलं. खरं म्हणजे त्या नदीवर तुझ्या शेजारी बसणं मला जमेना. तू खालच्या अंगाला बसून काहीतरी बडबडणार, आणि मी गळाला ब्रेड लावत मूग गिळून बसणार. त्यापेक्षा राग बरा होता.

अट मी घातली ती म्हणूनच. तुला वाटलं मला तुझं तोंड बंद करायचंय. मला माझं बंद ठेवायचं होतं. आणि इतकं करून तू जाळ्यात डोकावून काय म्हणालास, तर 'ओठातच आहे.' मला वाटलं ह्याला सगळं माहीत आहे, आणि हा अकरा वर्षं थांबून आज मला टोचतोय. स्टेशनपर्यंत तेच डोक्यात होतं. तुझा हात धरला तेव्हा सांगावं म्हणून धरला, पण गार्डने शिट्टी दिली.

तीन दिवसांनी तुझं पत्र आलं. सात मिनिटांसाठी तू माझी माफी मागत होतास. ते वाचून मला किती लाज वाटली हे तुला मी सांगू शकत नाही. महिनाभर उत्तर दिलं नाही ते त्यामुळे. तू मात्र सभेत उभा राहिलास.

आता राहिलेलं एक. ऑलिव्हला माहीत होतं. मी तिला त्याच रात्री सांगितलं होतं. ती म्हणाली, उद्या सकाळी जा आणि हॉरेसला सांगून ये. मी म्हटलं, आठवड्याने जातो. पुढे दर वर्षी सोळा जूनला मासेमारी खुली झाली की ती विचारायची, यंदा? मी म्हणायचो, यंदा नक्की. शेवटच्या आजारपणात ती एकदाच म्हणाली, 'क्लेम, तो माझा भाऊ आहे. मला तुम्ही दोघे एका बाकावर बसलेले बघायचेत.' मी हो म्हटलं. दफनाच्या दिवशी तू समोर आलास आणि मी पावसाबद्दल बोललो.

तू घड्याळाचं सांगितलं असतंस तर मी परत आलो असतो, आणि मी पराचं सांगितलं असतं तर तू. दोघांपैकी एकाने तोंड उघडायची खोटी होती. तिने ते मला दर वर्षी सांगितलं आणि मी ऐकलं नाही. ह्याची माफी तुझ्याकडे मागतोय, कारण तिच्याकडे आता मागता येत नाही.

हे सगळ्यांना वाचून दाखव, क्लबातसुद्धा. पण ती संध्याकाळ चांगली होती. तेही त्यांना सांग.

तुझा मेव्हणा
क्लेम


ॲशकोट
८ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

तुझं पत्र शनिवारी आलं, तू तोवर समुद्रात होतास.

आधी मी हसलो. मर्टलही हसली. मग मी तुझ्यावर असा चिडलो की कोट घालून नदीवर निघून गेलो आणि झाडांना उद्देशून तुला बोल बोल बोललो. साल्या, अकरा वर्षं मी अपराधी माणसासारखा मान खाली घालून फिरलो आणि तुझा मासा परात लागला होता! पण ऑलिव्हचं आठवलं आणि खाली बसलो. तिच्याबद्दल लिहिलंस ते पुन्हा वाचायची हिंमत अजून होत नाही. तिच्या बाबतीत मी तुला माफ करत नाही, आणि मलाही नाही. बाकी सगळं माफ आहे.

ठराव रद्द केला. बेडोजचा चषक बेडोजच्या बायकोकडेच राहील. बुधवारच्या सभेत तुझं पत्र वाचलं. मग म्हाताऱ्या प्रीसने विचारलं, ह्यांची सोयरीक कोणी जमवली होती? त्यावर सगळे हसले.

हे पत्र विमानाने पाठवतोय. तुझ्या बोटीला पाच आठवडे लागतील, हे आठवड्यात पोचेल. तू उतरशील तेव्हा हेझल धक्क्यावर हे हातात घेऊन उभी असेल, तसं मी तिला लिहिलंय. तिथेच उभ्याउभ्या वाच, सामान नंतर उतरव. आणि त्याच दिवशी उत्तर लिही. मला छातीचा त्रास आहे, ऑगस्टमध्ये तुला बोललो नाही. डॉक्टर म्हणतो तसं घाबरायचं कारण नाही, पण नदीवर एकट्याने जायला मना केलंय. तेव्हा आपल्याकडे पुन्हा अकरा वर्षं नाहीत, क्लेम. जे काही असेल ते ताबडतोब लिहीत जा, वाईट असलं तर आधी.

तुझा
हॉरेस